पालावरचे मूल कोणाचे?

मूल कोणाचे, हा प्रश्न आपल्या घरात कधी निघत नाही. जन्माचा दाखला असतो, रेशनकार्डावर नाव असते, शाळेच्या पटावर बापाचे नाव आणि आडनाव असते. उत्तर कागदावर तयार असते. पण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या माळांवर, काही माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाले ठोकून राहत आली. त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आणि उत्तर देणारेही बदलले. आधी जातीच्या पंचांनी ते दिले, मग इंग्रज सरकारने, मग आपल्या स्वतंत्र देशाच्या कायद्याने. ही माणसे म्हणजे फासेपारधी.

माझी सारी नोकरी भीमेकाठच्या शाळांत इतिहास शिकवण्यात गेली. शिवकाल शिकवला, पेशवाई शिकवली, कोरेगाव भीमाची लढाई शिकवली. पण शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या पालाचा इतिहास क्रमिक पुस्तकात नव्हता. वर्गात पारध्यांची एखाददुसरी मुले असत. ती अचानक यायची बंद होत. चौकशी केली की उत्तर मिळे, ‘पंचायत बसलीय.’ कधी उत्तर असे, ‘पोलीस आले होते.’ या दोन वाक्यांच्या मध्ये काय काय घडून गेले आहे, ते शोधण्याचा नाद मला तिथूनच लागला.

फास लावून शिकार करणारे ते फासेपारधी. हरिण, ससा, तित्तर, लावा ही त्यांची शिकार. बोली त्यांची स्वतःची, गुजरातीच्या जवळची. आडनावे मात्र आपल्या कानावरची: काळे, पवार, भोसले, चव्हाण, शिंदे. गवताळ माळ होते, तोवर त्यांचे पोट माळावर भरत असे. गावाशी संबंध यायचा तो शिकार विकण्यापुरता किंवा शेताच्या राखणीपुरता. गावगाड्यात त्यांना वतन नव्हते, बलुते नव्हते, चावडीवर बसायला जागा नव्हती. गावचा पाटील त्यांचा न्याय करीत नसे. तेव्हा आपला न्याय त्यांनी आपणच केला. तोच जातपंचायतीचा उगम.

जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. नगर जिल्ह्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. या दोन ठिकाणी वर्षानुवर्षे अनेक भटक्या जमातींच्या पंचायती बसत आल्या. पारध्यांच्या पंचायतीला असे ठरलेले ठिकाण लागत नसे. वाद निघाला की निरोप जात, एखाद्या माळावर पाले पडत आणि झाडाखाली पंच बसत. वाद बहुतेक घरचेच असत. सोयरीक मोडली, देज परत द्यायचे आहे, बाई माहेरी निघून आली, काडीमोड हवा, पाट लावायचा, आणि शेवटी मुले कोणाकडे राहायची. बैठक दिवसचे दिवस चाले. जेवणाखाणाचा खर्च वादी-प्रतिवादींच्या माथी असे. पंच दंड करीत, वाळीत टाकीत. खरेखोटे ठरेना तर दिव्य करायला लावीत. उकळत्या तेलातून नाणे काढायचे, हात भाजला तर माणूस खोटा.

हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण पंचायतीची दुसरी बाजू मला एका पारधी आजींनी सांगितली. त्यांच्या लहानपणी एका पालावर आईबाप दोघेही साथीत गेले आणि दोन लेकरे मागे राहिली. माती झाल्यावर त्याच रात्री पंच बसले. एका लेकराला चुलत्याने उचलले, दुसऱ्याला मावशीने. कोणी खाडा केला तर जातीत त्याला पाणी मिळणार नाही, असे पंचांनी बजावले. लेकरू उघड्यावर राहिले नाही. अनाथाश्रम म्हणजे काय हे त्या पालावर कोणाला ठाऊक नव्हते, कारण त्याची गरजच पडली नव्हती.

मी आजींना विचारले, ‘त्या दोन लेकरांना एकत्र राहायचे होते का?’ त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘लेकरांना कोण इचारतंय? बायांनाबी कुणी इचारीत नव्हतं.’ बायका पालाच्या मागे बसायच्या, पंच बोलायचे ते कानावर यायचे, पण पंचांसमोर बाईच्या वतीने बाप किंवा भाऊच बोलायचा. या एका वाक्यात पंचायतीचे बळही आहे आणि तिचे दुखणेही. आपली लेकरे आपण सांभाळण्याची व्यवस्था तिने उभी केली. त्या व्यवस्थेत आईला आणि लेकराला मात्र तोंड ठेवले नाही.

आता सरकारची गोष्ट. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश मुलखात लावण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित करून मांडला गेला. एखादी जमात सरकारने अधिसूचित केली की त्या जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. हजेरी द्यायची, परवानगीवाचून ठिकाण सोडायचे नाही. जमातीचे लोक गावात आले-गेले तर गावच्या पाटलाने आणि जागल्याने खबर द्यायची, हे कायद्यातच लिहिलेले होते.

या कायद्यातल्या एका कलमाकडे आपले लक्ष क्वचित जाते. वसाहतीत डांबलेल्या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून उद्योगशाळेत, शेतीशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मूल म्हणजे सहा वर्षांच्या वरचे आणि अठरा वर्षांच्या आतले. त्या मुलाने गुन्हा केला असला पाहिजे, अशी अट नव्हती. आईबापांनी त्याची आबाळ केली असली पाहिजे, अशीही नव्हती. ते त्या जमातीत जन्मले, एवढे पुरे होते.

मुंबई इलाख्यात या वसाहतींची घडी बसवली ती स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. तारेचे कुंपण, गिरणीतले काम, शाळा, हजेरी असा तिथला दिनक्रम. स्टार्टसाहेब दुष्ट माणूस होता, असे मी म्हणणार नाही. पुढे मागासवर्गीयांच्या स्थितीचा विचार करायला १९२८ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. या माणसांचे भले व्हावे, असे स्टार्टना मनापासून वाटत असावे. पण भले करण्याची त्यांची कल्पना अशी होती की, आईबाप सुधारणे अवघड, तेव्हा मूल हातात घ्यावे. ‘मूल कोणाचे?’ या प्रश्नाला सरकारचे उत्तर होते: सरकारचे.

या उत्तराचा पंचायतीवर काय परिणाम झाला असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मला वाटते, तिचा कडकपणा याच काळात वाढला असावा. ज्याच्या दाराशी पोलीस उभा आहे आणि ज्याचे लेकरू सरकार नेऊ शकते, तो माणूस तक्रार घेऊन कचेरीत जाणार नाही. तो आपल्या पंचांकडेच जाणार. दंड केला तरी ते पंच त्याच्या बोलीत बोलतात. सरकारची भीती जितकी मोठी, तितका पंचांचा शब्द जड.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सबंध देशातून गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. कायदा गेला, संशय राहिला. १९५९ मध्ये भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा आला. पकडलेल्या माणसावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांनाही त्याच्याबरोबर अडकवून ठेवण्याची सोय त्यात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. दरम्यान चिंचणीला घोड धरण झाले, कालवे आले, न्हावरे आणि पाटसला साखर कारखाने उभे राहिले. माळाचा ऊस झाला. गावांसाठी ही भरभराट होती. पारध्याचा मात्र माळ गेला, हरिण गेले आणि फासही गेला. राहिली ती पंचायत.

आपल्यासारखाच प्रश्न जगात इतरत्रही उभा राहिला. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींची मुले सरकारने आणि मिशनांनी कित्येक दशके आईबापांपासून तोडली. त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत जाहीर माफी मागितली. अमेरिकेत १९६९ आणि १९७४ च्या पाहण्यांत दिसले की, मूळ रहिवाशांची २५ ते ३५ टक्के मुले घरापासून दूर, अनोळखी कुटुंबांत किंवा संस्थांत वाढत होती. त्यावरून १९७८ साली तिथे कायदा झाला: अशा मुलाचा निवाडा शक्यतो जमातीच्या न्यायालयाने करावा, मूल ठेवायचे तर आधी नातेवाइकांत, मग जमातीतल्या दुसऱ्या कुटुंबात, मग अन्य मूळ रहिवाशांकडे. कॅनडाने २०१९ मध्ये मूलनिवासी समाजांचा आपल्या मुलाबाळांविषयी निर्णय घेण्याचा हक्क कायद्याने मान्य केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

हे वाचून काही कार्यकर्ते म्हणतात, मग आपल्याकडेही जमातीच्या पंचांना हाच हक्क द्या. मी त्यांना अमेरिकी कायद्यातली एक छोटी तरतूद दाखवतो. राखीव प्रदेशाबाहेर राहणाऱ्या मुलाचा खटला जमातीच्या न्यायालयाकडे सोपवायचा असेल आणि आई किंवा बाप यांपैकी एकानेही हरकत घेतली, तर तो सोपवता येत नाही. एकट्या आईचा नकार तिथे जमातीच्या अधिकाराला थांबवू शकतो. आमच्या आजी पालाच्या मागे बसून जे ऐकत होत्या, त्यात या नकाराला जागा नव्हती.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? इथे एक नवल आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चे दत्तक आणि पालकत्वाचे कायदे अनुसूचित जमातींना लागू नाहीत. केंद्र सरकारने तसे खास जाहीर केले तरच लागू होतात. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पाल पारधी आणि राज पारधी मात्र विमुक्त जातींच्या यादीत, म्हणजे एकाच माळावरच्या दोन पालांना दोन याद्या. फासेपारध्यांचे लग्न, काडीमोड, दत्तक या गोष्टी कायद्याने त्यांच्या रूढीवर सोडल्या आहेत. घरच्या बाबतीतले स्वशासन कागदावर त्यांना मिळालेलेच आहे.

पण रूढी म्हणजे काय, हे सांगणार कोण? पंचच. २००१ साली एका उरांव महिलेने संताळ नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. असे लग्न बेकायदा ठरवणारी रूढी जमातीत आहे, हे सिद्ध झाले नाही आणि तिची फिर्याद टिकली नाही. रूढी सिद्ध करण्याचे ओझे बाईच्या डोक्यावर. २०२५ च्या जुलैमध्ये मात्र छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या वारसाच्या खटल्यात याच न्यायालयाने वेगळी दिशा दाखवली. बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला केवळ बाई म्हणून वारसा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. ओझे दुसऱ्या खांद्यावर गेले. मुलांच्या ताब्याच्या प्रश्नातही ते तसेच सरकावे, अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरा कायदा १९९६ चा, ज्याला आपण ‘पेसा’ म्हणतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि वाद मिटवण्याच्या परंपरागत पद्धती जपण्याचा अधिकार त्याने दिला. शिरूरच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आणि जुन्नरमध्ये अशी गावे आहेत. शिरूर आणि दौंड अनुसूचित क्षेत्राबाहेर. इथल्या पारध्याला ना आपले गाव, ना आपली ग्रामसभा. आंबेगावच्या आदिवासी बाईला निदान ग्रामसभेत हात वर करता येतो. दौंडच्या पालावरच्या बाईसमोर पुन्हा तेच झाड आणि तेच पंच.

पंचांच्या जुलमाविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. २०१३ मध्ये नाशिकला घडलेल्या एका मुलीच्या हत्येनंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान सुरू केले. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये संमत केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा हवाच होता. तेलाच्या कढईला स्वशासन म्हणता येणार नाही.

मात्र मूठमाती दिल्यावर त्या दोन अनाथ लेकरांना रात्री कोण उचलणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याची उत्तरे माणसांनी शोधली आहेत. शिरूर तालुक्यातल्या निमगाव म्हाळुंगीत ग्रामविकासाचे काम करताना गिरीश प्रभुणे पारध्यांच्या प्रश्नात ओढले गेले. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा उभी राहिली. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने २०१२ मध्ये भीक मागणारी मुले गोळा करून ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात तिची काही बांधकामे गेली, तरी शाळा लढत राहिली. मूल पालावरून दूर जाणे सोलापूरच्या वसाहतीतही होते आणि इथेही आहे. फरक एवढाच की, इथे आईबापाला विचारून मूल येते, सुटीत घरी जाते, आणि मंगरूळला तर शाळा काढणारा त्याच्याच बोलीत बोलतो. फरक एवढाच असला तरी तो फार मोठा आहे.

आज मुलांबाबत निर्णय घेते ती जिल्ह्याची बाल कल्याण समिती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. मुलाचे म्हणणे ऐकावे आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा, अशी तत्त्वे त्या कायद्यात आहेत. १८९० च्या जुन्या पालकत्व कायद्यातही, मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती न्यायालयाने विचारात घ्यावी, अशी वाट आहे. म्हणजे आजींच्या काळात कोणी विचारत नव्हते, तेव्हाही कायद्याच्या पुस्तकात हे विचारणे होते. ते पुस्तक पालापर्यंत पोचले नाही.

ते पोचण्यात अडचण कागदाची आहे. बाळंतपण पालावर झालेले, जन्माची नोंद नाही, पत्ता नाही. पोलिसांनी सिग्नलवरून मूल उचलले आणि समितीपुढे नेले तर ‘हे माझे लेकरू’ असे आई कशाच्या बळावर सांगणार? गावपातळीवर आता बाल संरक्षण समित्या असतात. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडी सेविका त्यांत बसतात. एके काळी याच पाटलाने पारधी आला-गेल्याची खबर द्यायची होती. आज त्याच खुर्चीकडे त्या पारध्याच्या मुलाचे रक्षण सोपवलेले आहे. हा बदल कागदावर फार सुंदर आहे. पण ज्या गावाला पारधी वस्ती आहे, तिथल्या समितीत त्या वस्तीवरची एक तरी बाई बसलेली असावी आणि तिच्या शब्दावर ‘हे मूल अमकीचे’ एवढी नोंद व्हावी, असे मला वाटते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतले की झाले.

मुलांना सांभाळण्याची शिस्त पारध्यांकडे होती, ती आपण त्यांना शिकवण्याची गरज नाही. वाळीत टाकण्याची भीती गेली म्हणून ती शिस्तही जाऊ देण्याचे कारण नाही. चुलता आणि मावशी आजही पुढे येतील. त्यांना बोलावणारा हवा, आणि बोलावण्याआधी पालाच्या मागे बसलेल्या बाईला व तिच्या मांडीवरच्या लेकराला पुढे बसवून ‘तुमचे म्हणणे काय?’ असे विचारणारा हवा. पंचांनी तसे विचारले तर त्यांची बैठक न्यायाची होईल, समितीने विचारले तर तिची होईल.